चतुराबाईचा होकार

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या दिवशी लातुरात माणूस सापडत नाही. मोंढ्याचा धान्यबाजार बंद, दुकानं बंद, क्लासेसना सुट्टी, आणि जो तो मिसळभाजीच्या भज्जीचं पातेलं नि आंबिलाचा डेरा गाडीत घालून कुणाच्या ना कुणाच्या शेताला पळत असतो. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला मित्र असतो. तेव्हा किशनरावांची डाळ मिल त्या दिवशी बंद होती यात नवल काही नव्हतं. नवल हे होतं की ती त्याआधीचे चार दिवसही बंद होती, आणि तीही ऐन तुरीच्या हंगामात.

गाडी अहमदपूरच्या रस्त्याला लागली तसा किशनरावांच्या थोरल्या मुलानं, बालाजीनं, बायकोला तिसऱ्यांदा विचारलं, "शिल्पा, नक्की ना? चतुरामावशी ऐनवेळी फिरणार न्हाई ना?"

"नाही फिरणार. काल स्वतः हो म्हणाल्या. मान हलवली."

"मान हलवली का हो म्हणाल्या?"

"अहो, तेच ते."

शिल्पाच्या पर्समध्ये घडी घातलेला एक कागद होता. त्या एका कागदासाठी तिनं चार दिवस उंबरे झिजवले होते. दिराच्या खोलीत, गुरुबसप्पा मिस्त्रीच्या घरी, चतुराबाईच्या घरी दोनदा, हमालांच्या कट्ट्यावर, आणि शेवटी सासऱ्यांपुढे. मागच्या वर्षी संभाजीनगरच्या एका हॉटेलात तीन दिवसांचं शिबिर करून आल्यापासून तिला एक गोष्ट पटली होती. भांडणाऱ्या माणसांना एकत्र बसवायचं नाही. एकेकाला गाठायचं, त्याला काय वाटलं ते विचारायचं, काय हवंय ते विचारायचं आणि सगळ्यांच्या म्हणण्यातला सारखा धागा हुडकायचा. घरचे तिच्या या शिबिराची टिंगल करायचे. पण या खेपेला धागा सापडला होता खरा.

भांडणाचं मूळ वट्ट्यावर होतं. मिलमागच्या त्या भल्यामोठ्या फरशीवर तेल-पाणी लावलेली तूर उन्हात वाळते आणि ती वाळली की आत, साल काढणाऱ्या रोलवर जाते. अर्धीकच्ची गेली तर साल सुटत नाही, डाळ चेपते, तिचा नुसता खंडा, म्हणजे तुकडे होतात. वट्ट्यावर चौदा बाया, त्यांची मुकादम चतुराबाई. आत रोलवर निलंग्याकडचा गुरुबसप्पा मिस्त्री. सव्वीस वर्षं या दोघांचा एक रिवाज होता. चतुराबाई दाताखाली दाणा फोडायची आणि हाक द्यायची. मिस्त्री बाहेर यायचा, स्वतः एक दाणा फोडायचा. पटलं तर तूर आत. नाही पटलं तर दोघं हुज्जत घालायचे, तो कानडी हेलात आणि ही आपल्या ठसक्यात, आणि चहा येईपर्यंत कुणीतरी एक नमतं घ्यायचं.

शिल्पाला हा प्रकार वेळखाऊ वाटला होता. तिनं दाण्यातला ओलावा मोजणारं मॉइश्चर मशीन आणलं. वाटीभर दाणे घालायचे, पडद्यावर आकडा येतो, अकराच्या आत असला की वाळली. आकडा ती स्वतः चिठ्ठीवर लिहून आत पाठवायची. हुज्जत बंद झाली. दोन महिने सगळं सुरळीत चाललं, आणि मग गेल्या आठवड्यात एका दुपारी रोलखालून निम्मी डाळ खंडा होऊन पडली.

चिठ्ठी होती, तिच्यावर दहा पूर्णांक सहा होतं. म्हणजे तूर वाळलेलीच होती. मग दोष कुणाचा? रोल पाहणारा धाकटा भाऊ दयानंद म्हणाला की बायांनी खालचा थर हलवलाच नाही, वरवरची तूर मशीनला दाखवली. वट्टा पाहणारा बालाजी म्हणाला की मिस्त्रीनं रोल जास्त कसले. शब्दानं शब्द वाढला आणि दयानंद सगळ्या हमालांदेखत चतुराबाईला बोलून गेला, "तोंडात दात न्हाईत अन् तूर पारखायला निघाली." बाया टोपल्या टाकून निघून गेल्या. मिस्त्री म्हणाला, ही असेल तर मी नाही. दोघे भाऊ जेवताना एकमेकांकडे बघेनासे झाले.

आणि आता तोडगा निघाला होता, तोच त्या कागदावर लिहिलेला होता. दयानंद सगळ्यांसमोर माफी मागणार होता. मिस्त्री उद्या सकाळी रोल सुरू करणार होता. चतुराबाई वयामुळं संक्रांतीपासून घरी बसणार होती, तिची सून तनुजा तिच्या जागी येणार होती, आणि आज जेवण झाल्यावर किशनराव तिला साडीचोळी देऊन मानानं निरोप देणार होते. सगळे हो म्हणाले होते. शिल्पाला स्वतःचा अभिमान वाटत होता आणि तो ती फारसा लपवतही नव्हती.

शेतात पोचल्यावर तो अभिमान जरा वाढलाच. कडब्याच्या झोपडीवजा कोपीत पूजा झाली होती, आंबील शिंपडून किशनराव बांधाबांधानं फिरून आले होते. मिलची माणसं सकाळपासूनच येऊ लागली होती. चतुराबाई बायांच्या घोळक्यात बोरीच्या सावलीला बसली होती, तर मिस्त्री पार त्या टोकाला विहिरीच्या कडेवर. पण आले होते दोघंही. जाऊ पुनम हळूच जवळ येऊन म्हणाली, "ताई, तुमच्यामुळंच जमलं बघा. आमचे हे माफी मागतील असं मला सपनात बी वाटलं नव्हतं."

"मागतील ना पण?"

"सकाळपासून पाठ करून राहिलेत."

दोघी हसल्या. तेवढ्यात किशनरावांनी हाक मारली. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही त्यांना नव्या यंत्राचं लहान पोरासारखं कौतुक होतं.

"शिल्पा, ते तुझं मशीन हाय का गाडीत? आण की. आपली उभी तूर किती वाळली बघू."

मशीन गाडीत होतं. शिल्पानं आणलं, मांडी घालून बसली. किशनरावांनी ओंजळभर शेंगा तोडून दाणे सोलले, पुनमनं ओंजळभर सोलल्या, वाटी भरली. दाणे अजून नखानं दबत होते. बटण दाबलं. पडद्यावर आकडा आला. दहा पूर्णांक नऊ.

"वाळली म्हणतंय की!" किशनराव खो खो हसले. "ह्यो दाणा आत्ता आमटीत टाकला तर शिजंल, अन् ह्ये म्हणतंय रोलवर घाला."

पुनमही हसली. शिल्पा हसली नाही. तिनं पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. प्रत्येक धान्याचा त्या मशीनमध्ये आपला एक क्रमांक असतो, तो आधी लावावा लागतो. तुरीचा सात, हरभऱ्याचा चार. कोपऱ्यात चार होता.

तिला आठवलं. आठवायला फार वेळ लागला नाही, हेच वाईट. ज्या दुपारी डाळ फुटली त्याच्या आदल्या संध्याकाळी अर्धापूरचा व्यापारी अमरनाथ हरभऱ्याचा नमुना दाखवायला आला होता. तिनं क्रमांक बदलला होता. परत बदलला नव्हता. त्यानंतर मिलमध्ये एकच तूर मोजली गेली होती, तीच, आणि मशीनला तिच्याशिवाय कुणाचा हात लागत नव्हता. तिनं सात लावून तेच दाणे पुन्हा मोजले. अठरा आले.

"काय झालं गं?" किशनरावांनी विचारलं.

"काही नाही मामा. बघते जरा."

सासऱ्यांना एवढं सांगून ती उठून गाडीआड गेली. बालाजी तिथं पाण्याचे जार उतरवत होता. तिनं त्याला सगळं सांगितलं, एका दमात. पाच दिवस चतुराबाईची बाजू घेऊन भावाशी भांडणारा बालाजी ऐकत राहिला आणि मग त्यानं आधी इकडंतिकडं पाहिलं.

"कुणाला बोललीस?"

"तुम्हालाच."

"मग आता बोलू नको. मिटलंय ना सगळं? समदे हो म्हणलेत. मावशी बी म्हणली."

"अहो, पण तूर ओली होती. मी वाळली म्हणून लिहून दिलं. त्यांचा काही दोष नसताना आपण त्यांना घरी बसवतोय."

"घरी काय, साडीचोळी घेऊन मानानं जाऊन राहिली ती. सुनेला जागा मिळायलीय. अन् दयानंदचा इचार कर. पाच वर्षं तो एकच गोष्ट सांगायलाय, बाईमाणसाला ऑफिसात बसवू नका म्हणून. त्याच्या हातात तू स्वतः काठी देणार?"

शिल्पाला भीती वाटली. नांदेडची शाळेतली नोकरी सोडून ती या घरात आली, चार वर्षं पोळ्या लाटल्या, आणि मग किशनरावांनी सगळ्यांचा विरोध मोडून तिला ऑफिसात बसवलं. त्या खुर्चीत बसल्यावर तिला पहिल्यांदा आपण या घरच्या आहोत असं वाटलं होतं. ती खुर्ची जाईल. कदाचित कुणी काढून घेणार नाही, पण तिच्या चिठ्ठीवर पुन्हा कुणाचा विश्वास बसणार नाही, म्हणजे गेलीच. आणि न सांगावं तर? कुणाला कधीच कळणार नव्हतं. उलट आज संध्याकाळपर्यंत तिचं कौतुक चाललं असतं.

"जेवण होऊ दे," बालाजी म्हणाला. "मग शांतपणे ठरवू."

"जेवणानंतर न्हाई."

दोघांनी वळून पाहिलं. सासूबाई, गुणाबाई, पाण्याची घागर न्यायला आल्या होत्या आणि किती वेळच्या उभ्या होत्या कोण जाणे. सून ऑफिसात बसायला लागली तेव्हा या बाईनं महिनाभर अबोला धरला होता.

"आत्याबाई, तुम्ही ऐकलंत?"

"कान हायेत मला. सांगायचं का न्हाई ते तुझं तू बघ. पर सांगायचं असंल तर जेवायच्या आधी सांग. चतुरानं एकदा येळवशीचा आपला घास खाल्ला, की मग ती भांडायची न्हाई. वरसाच्या दिवसाला ज्याच्या शेतात जेवली त्याला उलटून बोलणारी बाई न्हाई ती. मी वळखते तिला." त्यांनी घागर उचलली. "तिला भांडता तरी येऊ दे."

एवढं बोलून त्या गेल्या. बालाजी काही म्हणणार होता, पण त्यानं जार उचलला.

पंगत बसली. दोन रांगा, समोरासमोर. भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, खीर वाढून झाली, आंबील वाढायची राहिली होती. किशनराव उभे राहिले. साडीचं पाकीट गुणाबाईंच्या मांडीवर होतं. दयानंदनं घसा साफ केला, त्याचं पाठांतर ओठांवर आलेलं दिसत होतं.

"मामा, थांबा," शिल्पा म्हणाली. "दयानंदभाऊ, तुम्ही पण थांबा. आधी मला बोलायचंय."

तिनं सांगितलं. चार आणि सात क्रमांक सांगितले, अमरनाथचा हरभरा सांगितला, आत्ता सोललेल्या शेंगा सांगितल्या. मशीन उचलून दाखवलं. शिबिरात शिकवल्याप्रमाणे शब्द निवडून बोलायचं तिनं मनाशी ठरवलं होतं, पण शब्द निवडायला सवड मिळाली नाही. "तूर ओली होती. माझ्या चुकीनं आत गेली. चतुरामावशींची चूक नव्हती, मिस्त्रींचीही नव्हती," एवढं बोलून ती थांबली.

पंगतीत कुणी उंड्याला हात लावला नाही.

दयानंदच पहिल्यांदा बोलला. "म्हणजे मी म्हणत होतो तेच ना. पाच वर्षांपासून मी..."

"दयानंद," गुणाबाई म्हणाल्या, "तू जे पाठ करून आणलंस तेवढंच बोल."

त्याचे कान लाल झाले. मग तो चतुराबाईकडं न बघता म्हणाला, "मावशी, मी दातांवरून बोललो. तुमचा दोष असता तरी तसं बोलायचं नव्हतं." पाठ केलेलं यापेक्षा लांब असावं, पण एवढंच बाहेर पडलं.

समोरच्या रांगेतून मिस्त्री खाकरला.

"मलाबी कळलं होतं," तो म्हणाला.

"काय कळलं होतं, अप्पा?" किशनरावांनी विचारलं.

"वली हाय म्हणून. त्या दिवशी मी दाणा फोडलो होतो, मालक. सव्वीस वरसाची सवय हाय, हात जातोच. दाताखाली नुसता चेपला. ही बी वरडून सांगून राहिली होती वट्ट्यावरून. पर हातात चिठ्ठी होती. म्हणलो, चिठ्ठी हाय तर मला काय करायचंय? फुटली तर चिठ्ठी जाणं." तो पानाकडं बघत होता. "अन् फुटल्यावर मग कसं सांगू, की मला ठावं होतं?"

शिल्पाला एकदम कळलं, की त्या दोघांची ती रोजची हुज्जत बंद करून आपण नेमकं काय बंद केलं होतं. तिला वेळ वाया जाताना दिसला होता. दोन जाणती माणसं एकाच दाण्यावर दोनदा विचार करत होती, ते दिसलं नव्हतं. तिची मान खाली गेली.

"वैनी," चतुराबाई म्हणाली.

आवाज चढलेला नव्हता. शिल्पानं वर पाहिलं.

"तुम्ही माझ्या घरी दोनदा आलाव. पायरीवर बसलाव, माझ्या हातचा च्या घेतलाव. मला काय वाटलं ते इच्यारलाव. मी सांगितले, लई वाईट वाटलं. मला काय पाह्यजे ते इच्यारलाव. मी सांगितले, इज्जत पाह्यजे. लेकरावाणी ऐकून घेतलाव, मला बरं वाटलं. खोटं न्हाई सांगत." तिनं पदर सारखा केला. "पर तूर वली होती का वाळली होती, ह्ये इच्यारलाव का?"

"नाही, मावशी."

"का न्हाई?"

शिल्पाला उत्तर ठाऊक होतं. ते सांगायला तिला मशीनचं सांगण्यापेक्षा जड गेलं.

"मला वाटलं, ते मला माहीतच आहे."

"हां," चतुराबाई म्हणाली. "म्हणूनच इच्यारलं."

"पण मग तुम्ही हो का म्हणालात?" शिल्पानं विचारलं. "काल मी कागद वाचून दाखवला तेव्हा?"

"समदे हो म्हणलेत, असं तुम्हीच सांगितलाव. मालक हो म्हणले, मिस्त्री हो म्हणला, माझी सून बी घरात हो म्हणून बसली, तिला जागा मिळायली होती. एकटीनं न्हाई म्हणून कुठवर बसावं माणसानं? हलवली मान."

तनुजा शेजारी बसली होती, तिनं मान खाली घातली.

किशनरावांनी हात पुढं केला. शिल्पानं पर्समधला कागद काढून दिला. त्यांनी तो वाचला नाही, चुलीकडं गेले आणि आत टाकला.

"झालं गेलं," ते म्हणाले. "चतुरा कुठं जाणार न्हाई. मशीन राहू द्या, पर त्याचा आकडा आल्यावर बी चतुरा अन् अप्पा दोघं दाणा बघतील. दोघं हो म्हणल्याबिगर रोल फिरणार न्हाई. शिल्पा ऑफिसातच बसंल. चूक केली अन् सांगितली, तिला मी उठवत न्हाई. कुणाला उठवायचं असंल तर आत्ता बोला." त्यांनी धाकट्याकडं पाहिलं. दयानंदनं आपलं पान पुढं ओढलं. "मग उद्या सकाळी सातला मिल सुरू. समद्यांना मान्य हाय ना?"

"हाय, हाय," दोन्ही रांगांमधून आवाज आले. हमाल म्हणाले, बाया म्हणाल्या, बालाजी सगळ्यांत मोठ्यानं म्हणाला. चार दिवस छातीवर ठेवलेला दगड उतरावा तसे सगळे एकदम सैल झाले आणि कुणीतरी आंबिलाच्या डेऱ्याला हात घातला.

शिल्पा चतुराबाईकडं बघत होती. चतुराबाई काहीच म्हणाली नव्हती. तिनं मानही हलवली नव्हती.

"मावशी, तुमचं काय?" शिल्पानं विचारलं. "उद्या सातला."

"मी उद्या यायची न्हाई."

डेऱ्यावरचा हात तिथंच राहिला.

"अगं, आता काय राहिलं?" किशनराव म्हणाले. "समदं तुझ्या मनासारखं तर झालं."

"झालं की. मी कुठं न्हाई म्हणायलेय? पर मला राग हाय, मालक. पाच दिस माणसं माझ्याकडं चोरावाणी बघायलीत. ती आज एका बैठकीत निवळली, त्यांचं बरं हाय. माझा राग उद्याच्याला राहणार. रागात वट्ट्यावर उभी राहिले तर पोरींवर काढीन. परवा येते."

"मावशी, तीन गाड्या तूर उतरून पडलीय," बालाजी कळवळून म्हणाला. "आधीच चार दिवस गेलेत. एका दिवसासाठी कशाला..."

"परवा," शिल्पा म्हणाली.

"अगं, पण..."

"परवा, अहो. त्या परवा म्हणतायत."

बालाजीनं बापाकडं पाहिलं. बाप आंबिलाकडं बघत होता. समोरच्या रांगेत मिस्त्रीनं गळ्यातलं उपरणं झटकलं आणि म्हणाला, "मग उद्या मी तरी कशाला येऊ? आता हिला इच्यारल्याबिगर रोल फिरवायचा न्हाई म्हणलाव ना. परवाच."

गुणाबाईंनी साडीचं पाकीट मांडीवरून उचलून मागं ठेवून दिलं आणि आंबील वाढायला घेतली. चतुराबाईनं आपला पेला पुढं केला.

दयानंदनं खिशातून फोन काढला. हैदराबादच्या व्यापाऱ्याला उद्या माल निघेल असं त्यानंच सकाळी कळवलं होतं. तो उठला, रेंज कुठं येते ते बघत बांधाकडं दोन पावलं गेला आणि परत वळला. आपल्या वहिनीकडं तो कामाचं विचारायला स्वतःहून आला, असं या पाच वर्षांत बहुधा पहिल्यांदाच घडत होतं.

"वहिनी, आणखी एक दिवस का म्हणून विचारतील ते. काय कारण सांगू?"

"खरं ते सांगा," शिल्पा म्हणाली. "आमच्या चतुरामावशींना राग आलाय म्हणावं."